प्लास्टिकवरील अक्षर

कागद हा मोठा अतिथिप्रिय पदार्थ आहे. शाई त्याच्या दारीं आली कीं तो तिला आंत घेतो, आपल्या तंतूंच्या जाळ्यांत जागा देतो, आणि थोड्याच वेळांत आलेली पाहुणी घरचीच होऊन जाते. आम्हां छापखानेवाल्यांस या आतिथ्याची इतकी संवय झालेली असते कीं, छापणें म्हणजे शाई लावणें, एवढाच आमचा समज होऊन बसतो. शाई घेणाराही कोणी असावा लागतो, हें ध्यानांत राहत नाहीं. गणपत कृष्णाजींनीं मुंबईंत शिळाप्रेसवर मराठी पंचांग काढलें तें १८३१ सालीं. तेव्हांपासून शिळा गेल्या, खिळे आले आणि गेले, जुळारी गेले, ऑफसेटचें यंत्र आलें, संगणक आला. परंतु या साऱ्या उलथापालथींत कागदाचें शोषून घेणें तेवढें जसेंच्या तसें राहिलें. आमच्या घरीं तीन पिढ्या छापखाना आहे. पहिल्या दोन पिढ्यांस शाई धरते कां, हा प्रश्न कधीं पडल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं.

तिसऱ्या पिढीच्या वांट्यास प्लास्टिक आलें. शाळेंतील तक्ते, ओळखपत्रें, बरण्यांवरील चिठ्ठ्या, कारखान्यांतील सूचना, औषधांचीं वेष्टनें, अशीं कितीएक कामें कागदाकडून या नव्या पदार्थाकडे गेलीं. ग्राहकाच्या दृष्टीनें यांत सर्व लाभच दिसतो. प्लास्टिकची फिल्म सहसा फाटत नाहीं, भिजत नाहीं, तेलानें डागाळत नाहीं. ओल्या फडक्यानें पुसली कीं पुन्हां स्वच्छ. पण पाण्याला जो दारांत उभें करीत नाहीं, तो शाईला तरी कां करील? ज्या गुणासाठीं ग्राहक प्लास्टिक मागतो, नेमका तोच गुण अक्षराच्या मुळावर येतो. या धंद्यांतील बहुतेक सर्व अडचणी या एका गोष्टींतून उगवतात, आणि त्यांचा उपायही बहुतकरून यंत्र सुरू होण्यापूर्वींच करावयाचा असतो.

अळवावरचें पाणी ही उपमा आपल्याकडे क्षणभंगुरतेची म्हणून रूढ आहे. मुद्रकानें ती जरा निराळ्या अर्थानें ध्यानांत ठेवावी. अळवाच्या पानावर पाणी पसरत नाहीं. त्याचे थेंब होतात आणि पान हललें कीं ते ओघळून जातात. पॉलिप्रॉपिलीनच्या फिल्मवर पाणी टाकलें तर, कारणें थोडीं निराळीं असलीं तरी, दृश्य बरेंचसें असेंच दिसतें. पाण्याच्या कणांस त्या पृष्ठापेक्षां परस्परांचीच ओढ अधिक असते. ही ओढ डाइन या परिमाणानें मोजतात. पाण्याचा पृष्ठताण दर सेंटिमीटरला सुमारें ७२ डाइन; कोणताही संस्कार न केलेल्या पॉलिप्रॉपिलीनचें माप त्याच हिशेबानें ३० च्या आसपास. द्रवाचें माप पृष्ठाच्या मापाहून कमी असेल तर तो पसरतो, अधिक असेल तर आंखडतो. यासाठीं छापण्यापूर्वीं प्लास्टिकचें माप निदान ३८ पर्यंत चढविलेलें असावें, असा धंद्यांतील दंडक आहे.

तें चढवावयाचें कसें? पॉलिथीन इंग्लंडांत १९३३ सालीं सांपडलें. आज वापरांत असलेलें घट्ट पॉलिप्रॉपिलीन इटलींत नात्ता या रसायनशास्त्रज्ञानें १९५४ सालीं बनविलें. दोघांचाही स्वभाव अलिप्त. त्यांपैकीं थोरल्याचा अलिप्तपणा मोडण्याची युक्ति डेन्मार्कमधील व्हर्नर आइस्बी या अभियंत्यानें १९५१ सालींच काढून ठेवली होती, आणि धाकट्यासही तीच लागू पडली. फिल्मच्या पृष्ठाजवळ उच्च दाबाच्या विजेची जांभळट प्रभा खेळवितात; तिच्या योगानें हवेंतील प्राणवायु पृष्ठाच्या कणांशीं जोडला जातो आणि शाईला पाय रोवण्यास जागा मिळते. धंद्यांत या संस्कारास नुसतें ‘ट्रीटमेंट’ म्हणतात. डोळ्यांस तो दिसत नाहीं, हातास लागत नाहीं. पुष्कळदां तो एकाच बाजूस केलेला असतो. आणि तो कायमचाही नसतो. फिल्म पडून राहिली तर तो हळूहळू विरतो, आणि फिल्म निसरडी राहावी म्हणून तिच्यांत मिसळलेले मेणचट पदार्थ वर येऊन त्यास झांकून टाकतात.

एवढें विवेचन कोरडें वाटण्याचा संभव आहे. आम्हांसही तें बरीच वर्षें कोरडेंच वाटत असे. त्यांत किती ओल आहे तें कांहीं वर्षांपूर्वींच्या एका ज्येष्ठांत कळलें. खेड्यापाड्यांतून काम करणाऱ्या एका दवाखान्यांतील डॉक्टरबाई कार्डांचा एक गठ्ठा घेऊन आमच्याकडे आल्या. जलसंजीवनीची पुडी हाताशीं नसेल तेव्हां जुलाब लागलेल्या मुलास मीठ-साखरेचें पाणी कसें करून द्यावें, हें त्या कार्डांवर सांगितलें होतें. एक लिटर उकळून निवविलेलें पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा सपाट चहाचा चमचा मीठ. पावसाळ्याचे दिवस, गळणारीं घरें, आयांचे ओले हात, म्हणून कार्डें मुद्दाम प्लास्टिकच्या फिल्मवर करविलीं होतीं. तीं छापलीं होतीं दुसऱ्या एका गांवीं. वांटून महिना झाला नाहीं तोंच अक्षरें जाऊं लागलीं. कार्ड हातांत धरतांना डावा आंगठा जेथें टेंकतो, तेथें शेवटच्या ओळीची सुरुवात होती. आणि कित्येक कार्डांवरील ‘अर्धा सपाट’ हे शब्द पुसले जाऊन ‘चहाचा चमचा मीठ’ एवढेंच शिल्लक उरलें होतें.

दुप्पट मीठ म्हणजे काय, हें त्या बाईंनीं आम्हांस समजावून सांगितलें. जुलाबानें आधींच शुष्क झालेल्या तान्ह्या मुलाच्या रक्तांत मिठाचें प्रमाण वाढलें तर त्यास झटके येतात, प्रसंगीं जीवही जातो. एका वस्तीवर एक आई कार्ड मोठ्यानें वाचीत असतां आशाताईच्या कानांस तें खटकलें, आणि पातेल्यांतील पाणी ओतून टाकण्यांत आलें. त्याच आठवड्यांत सर्व कार्डें परत मागविलीं गेलीं. पुस्तकांतील मुद्रणदोष आम्हीं जन्मभर पाहिले होते. काना गळतो, वेलांटी ऱ्हस्वाची दीर्घ होते, वाचक हंसतो किंवा रागावतो, आणि पुढें शुद्धिपत्र येतें. छापतांना जो दोष मुळींच नव्हता, आणि वाचणाऱ्याच्या आंगठ्याखालीं जो नंतर उत्पन्न झाला, असा मुद्रणदोष आम्हीं प्रथमच पाहत होतों.

“शाई हलकी वापरली असेल का हो?” बाईंनीं विचारलें.

आमचे मशीनमन कार्ड उजेडांत धरून बराच वेळ पाहत होते. “बाई, छपाई वाईट नाहीं,” ते म्हणाले. “अक्षर कसें कोरून काढल्यासारखें आहे पाहा. शाई बसली आहे. पण धरली नाहीं.”

त्यांनीं साधी चिकटपट्टी घेतली, एका ओळीवर दाबून बसविली, आणि झटक्यानें ओढली. सबंध ओळ पट्टीबरोबर निघून आली. फिल्मवर तिचा मागमूसही उरला नाहीं. शाई अर्धवट वाळली असती तर ती फांसली असती, बोटास लागली असती. येथें ती पूर्ण वाळली होती, आणि वाळलेल्या पापुद्र्यासारखी अलगद सुटली होती. तेव्हां वाळण्याचा प्रश्न मिटला, धरण्याचा राहिला. मग ३८ डाइनचा परीक्षेचा द्रव आणला. अशा द्रवांच्या लहान बाटल्या किंवा लेखण्या मिळतात. रेघ ओढावी आणि दोन सेकंद पाहावें. रेघ अखंड राहिली तर पृष्ठ त्या मापाचें किंवा त्याहून वरचें, तिचे थेंब झाले तर त्याहून खालचें. छापलेल्या बाजूवरील मोकळ्या जागेंत रेघ ओढतांच तिचे मोत्यांसारखे थेंब झाले. कार्ड उलटें करून पाठीमागें ओढली, तों ती जशीच्या तशी उभी राहिली. शाई दोषी नव्हती, यंत्रही नव्हतें. फिल्म यंत्रांत उलटी घातली गेली होती, इतकेंच. गठ्ठ्याच्या वेष्टनावर बाजू लिहिलेली असते. वेष्टन एकदां फाडून टाकलें कीं दोन्ही बाजू डोळ्यांस सारख्याच. म्हणून आमच्याकडे गठ्ठा फोडण्यापूर्वीं त्याच्या कडेवर एक तिरपी रेघ मारण्याचा रिवाज आहे. पुढें फिल्म किती वेळां फिरली तरी ती रेघ तिची उजवी बाजू सांगते.

तें काम आम्हीं पुन्हां करून देण्याचें पत्करलें, आणि पावसाच्या तोंडावर पत्करलें. कागदावर शाई दोन मार्गांनीं वाळते: कांहीं भाग कागद पितो आणि उरलेला हवेंतील प्राणवायूनें घट्ट होतो. फिल्मवर पहिला मार्ग बंद. सगळा भार हवेवर, आणि दमट हवेंत हें वाळणें आणखी रेंगाळतें. त्यांतून ऑफसेटची सारी कला तेल आणि पाणी यांच्या वैरावर उभी असल्यामुळें यंत्रांत शाईबरोबर पाणीही असतें. कागद तें थोडेंथोडें घेऊन जातो. फिल्म घेत नाहीं, आणि तें शाईंतच मिसळूं लागतें. मग काळें अक्षर करडें होतें, शाई वाळण्याचें नांव घेत नाहीं, आणि अजाण मनुष्य रंग वाढावा म्हणून आणखी शाई सोडून दुखणें वाढवितो. खरा उपाय उलट आहे. पाणी जितकें कमी चालेल तितकें ठेवावें, शाईचा थर पातळ ठेवावा, आणि शाई न शोषणाऱ्या पृष्ठासाठींच केलेली घ्यावी. अतिनील किरणांच्या दिव्याखालीं तत्काळ घट्ट होणाऱ्या शाया आतां निघाल्या आहेत, आणि मोठ्या छापखान्यांतून हें काम त्यांवरच होतें. आमच्याकडे तसा दिवा नाहीं. आम्हीं थप्प्या लहान केल्या, एका थप्पींत शंभराहून अधिक फिल्म ठेवल्या नाहींत, आणि दोन दिवस सकाळ-संध्याकाळ त्या हातानें सोडवून त्यांत वारा खेळविला. मोठ्या थप्पींत वरचें ओझें खालच्या ओल्या शाईस वरल्या फिल्मच्या पाठीवर उमटवितें, आणि अखेर सगळी थप्पी एकजीव होऊन बसते.

पावसाळ्याचा एक उपकारही मान्य केला पाहिजे. कोरड्या दिवसांत फिल्म विजेनें भारते. केंसांतून फिरविलेला कंगवा कागदाचे कपटे ओढतो, तोच हा प्रकार. चैत्रांतील दुपारीं एक फिल्म उचलावी तों तिच्याबरोबर दोन येतात, यंत्र अडतें, आणि हवेंतील धूळ येऊन चिकटते ती निराळीच. छापांत मध्यें ठिपका आणि भोंवतीं पांढरें कडें दिसलें, तर बहुधा धुळीचा किंवा वाळलेल्या शाईचा कण आंत शिरलेला असतो. फिल्मच्या वाटेवर जमिनीशीं जोडलेली तांब्याच्या तारांची झालर सोडली कीं भार पुष्कळसा उतरतो. दमट हवेंत तो मुळांतच कमी सांचतो. रंग एकमेकांवर न जुळण्याचें कारणही दोहोंकडे भिन्न आहे. कागद हवेंतील ओलाव्यानें फुगतो. फिल्म ओलाव्यास दाद देत नाहीं, पण उष्णता आणि ओढ यांनीं ताणली जाते. कागदावर हात बसलेला मनुष्य येथें पाऊसमान पाहतो, आणि दोष असतो यंत्राच्या ओढींत.

आंगठ्याचा प्रश्न तरीही उरलाच होता. उत्तम धरलेली शाईसुद्धां वर उघडी असेल तर वर्षभराच्या घासण्यानें झिजणारच. म्हणून आम्हीं पारदर्शक फिल्म घेतली आणि मजकूर आरशांतल्यासारखा उलटा, तिच्या मागील बाजूस छापला. कांचेवर मागून चित्र रंगविणारे कारागीर करीत आले तसाच. वाचणाऱ्याचें बोट फिल्मवर पडतें, अक्षरावर पडत नाहीं. अक्षर उठून दिसावें म्हणून त्यामागें पांढरा थर द्यावा लागतो, आणि त्यामागें दुसरी फिल्म चिकटवून शाई दोहोंच्या मध्यें कोंडावी लागते. या चिकटविण्यांत, ज्यास आपण लॅमिनेशन म्हणतों त्यांत, नवे दोष जन्मास येतात. थप्पी चिकटूं नये म्हणून छापतांना जी बारीक पूड उडवितात, तिचे कण मध्यें राहिले तर प्रत्येक कणाभोंवतीं हवेचा रुपेरी ठिपका उरतो. शाई पुरती वाळलेली नसेल तर तिच्यांतील वाफा पुढें फुगे धरतात. दोन्ही फिल्म सारख्या जाडीच्या आणि सारख्या ताणाच्या नसतील तर कार्ड पापडासारखें वळतें. आणि शाईनें फिल्म धरलेली नसेल तर वरून कितीही उत्तम गोंद लावा, पापुद्रा शाईच्या जागींच सुटतो. लॅमिनेशन दोष झांकील, ही समजूत सर्वत्र आढळते. तें दोष झांकीत नाहीं, फार तर कांहीं दिवस आंत कोंडून ठेवतें.

कडांकडे विशेष पाहावें लागतें. चारी बाजूंस सुमारें अर्धा सेंटिमीटर जागा शाईवांचून सोडली म्हणजे तेथें फिल्म फिल्मलाच चिकटते आणि कड मिटते. घरोघरीं प्रशस्तिपत्रकें कोंडून ठेवतात तेथेंही, प्लास्टिकची कड कागदाला अगदीं लागून कापली कीं पाणी त्या वाटेनें आंत शिरतें. (जुनीं अस्सल कागदपत्रें मात्र असें कोंडूं नयेत, एकदां तापवून चिकटविलेलें प्लास्टिक कागदास इजा न करतां काढणें जवळजवळ अशक्य असतें.) कापतांना फिल्म एकमेकींवरून घसरतात, म्हणून एका वेळीं थोड्याच घ्याव्या. पातें बोथट असेल तर कडेचे टवके उडतात. आणि प्लास्टिकवर पातें लौकर बोथट होतें. कोपरे आम्हीं गोल केले, कारण टोंकदार कोपरा मुलाच्या डोळ्यांस लागावयाचा. खिळ्यास अडकविण्याचें भोंक पंचानें स्वच्छ गोल पाडलें. सुरीनें पाडलेल्या भोंकास एक जरी खांच राहिली, तरी न फाटणारी म्हणून मिरविणारी फिल्म त्या खांचेपासून सरळ फाटत जाते.

परंतु आमच्या मतें त्या कामांतील मोठी दुरुस्ती शाईची नव्हती आणि कापण्याचीही नव्हती. ती आमच्या घरांतून सुचली. कार्डाचा कच्चा नमुना जेवणाच्या वेळीं सर्वांच्या हातांत फिरला, तेव्हां आमच्या सूनबाई म्हणाल्या, “बाबा, जो शब्द गेला तर जीव जाईल, तो एकट्या शब्दाच्या भरंवशावर कां ठेवायचा?” त्याप्रमाणें मिठाची ओळ मधोमध आणली, जेथें बोट पोंचत नाहीं, ‘अर्धा सपाट’ हे शब्द ठळक केले, आणि शेजारीं अर्धा भरलेला चमचा काढविला. आतां शब्द पुसला तरी चित्र उरावें, आणि वाचतां न येणाऱ्या आईसही तें कळावें. डॉक्टरबाईंनीं नमुना पाहून एकच फेरफार सुचविला: चमचा चहाचाच दिसला पाहिजे, वाढायचा नव्हे. त्याप्रमाणें शेजारीं कपबशी आली.

एक पावसाळा उलटल्यावर बाईंनीं मुद्दाम एक कार्ड परीक्षेसाठीं धाडलें. त्यावर हळदीचे डाग होते, कडा मळल्या होत्या, एका कोपऱ्यास कोणा बाळाचे दांत लागलेले दिसत होते. मशीनमननीं तें पाण्याखालीं धरलें, नखानें खरवडलें, दोन्ही फिल्म नखानें वेगळ्या करण्याचा यत्न केला. अक्षर जागचें हललें नाहीं.

मात्र पहिल्या खेपेच्या परत आलेल्या कार्डांचें काय करावें, याचें उत्तर आम्हांस अद्याप सुचलेलें नाहीं. चुकलेला कागद रद्दींत जातो, त्याचा लगदा होतो, आणि कालांतरानें त्यावरच नवा मजकूर छापून येतो. कागदाच्या व्यवहारांत चुकीला असें पुनर्जन्माचें द्वार आहे. त्या कार्डांची शाई बोटानें निघून जात होती, परंतु त्यांचीं दोन पोतीं रद्दीवाल्यानें परत केलीं, आणि तीं आमच्या माळ्यावर आहेत. जें अक्षर तें क्षर ठरलें, आणि जें फेंकून द्यावयाचें तें अक्षय होऊन बसलें. आमचें नवें कार्ड तरी या हिशेबांतून कोठें सुटतें? दोन फिल्म, शाई आणि गोंद यांचा तो एकजीव झालेला पदार्थ पुन्हां सुटा करणें आणखीच कठीण.

महाराष्ट्र सरकारनें २०१८ सालीं प्लास्टिकच्या कित्येक वस्तूंवर बंदी घातली; पुढें १ जुलै २०२२ पासून शंभर मायक्रॉनहून पातळ प्लास्टिकचे फलक आणि निमंत्रणपत्रिकांवरील प्लास्टिकचीं वेष्टनें यांस देशभर मनाई झाली. तेव्हां आमच्या व्यवसायबंधूंनीं पुष्कळ कुरकुर केली. आम्हांस तो नियम छापखान्याच्या अनुभवाशीं जुळणाराच वाटला. लग्नाची पत्रिका एका दिवसाची, विक्रीचा फलक आठवड्याचा. ज्या मजकुराचें आयुष्य इतकें थोडें, त्यास शंभर वर्षें न कुजणारें आसन कशाला? उलट, ज्या घरांत भिंतीला ओल आहे आणि मूल आजारी आहे, तेथें मिठाचें प्रमाण सांगणारें अक्षर टिकलेंच पाहिजे. आणि तेथें प्लास्टिक वापरावयाचें तर तें एकदांच, नीट, आणि चुकीवांचून वापरलें पाहिजे.

अलीकडे कोणी फिल्मवरील काम घेऊन आला कीं आमचे मशीनमन भाव सांगण्यापूर्वीं त्यास दोन प्रश्न विचारतात: हें किती दिवस वाचलें जाणार, आणि तें कोणाच्या हातांत राहणार? पहिल्या प्रश्नानें निम्मीं गिऱ्हाइकें कागदाकडे वळतात, आणि छापखान्याचें थोडें उत्पन्न बुडतें. उरलेल्यांसाठीं ते कपाटांतून ३८ डाइनची बाटली काढतात.